मोटार किती देते आणि किती घेते

कोणी नवी मोटार घेतली की तिच्याविषयी आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ॲव्हरेज किती देते?" गाडीचा रंग, तिची बैठक, तिचा वेग या गोष्टी मागाहून. एका लिटरमागे ती किती किलोमीटर चालते, हे आधी कळले पाहिजे. या प्रश्नामागे काटकसरीची एक जुनी आणि चांगली सवय आहे, यात शंका नाही. कोणी "ॲव्हरेज" म्हणतो, कोणी "मायलेज". वस्तुतः मायलेज हा शब्द मैलांचा, आणि मैल तर १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर आपल्या रस्त्यांवरून हळूहळू नाहीसे झाले. शब्द मात्र राहिला, आणि त्याच्या आधाराने काही गैरसमजही राहिले.

इंदूरला राहणारे माझे एक स्नेही शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यांची मोटार दहा वर्षांची, पण निगुतीने वापरलेली. ती लिटरला तेरा किलोमीटर चाले. नव्या गाडीच्या जाहिरातीत वीसचा आकडा होता. जुनी गाडी दीड लाखाला विकावी, निवृत्तीच्या पुंजीतून आणखी साडेसहा लाख घालावेत आणि आठ लाखांची नवी मोटार घ्यावी, असा घरात विचार चालला होता. "पेट्रोलमध्येच पैसे वसूल होतील," असे सर्वांचे मत पडले होते. मला विचारले तेव्हा मी एवढेच म्हटले, की आधी वही घेऊन बसू. त्या वहीत आम्ही जो हिशेब मांडला, तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम जाहिरातीतला आकडा कोठून येतो ते पाहू. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिची स्थापना १९६६ सालची. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्या टेकडीला पुष्कळ पुणेकर एआरएआयची टेकडी असेच म्हणतात. येथे आणि अशाच अन्य मान्यताप्राप्त केंद्रांत नव्या गाड्यांची चाचणी होते. त्यासाठी गाडी रस्त्यावर न्यावी लागत नाही. तिची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, रूळ फिरतात, गाडी मात्र जागची हलत नाही. रस्त्याचा आणि हवेचा विरोध रुळांमार्फत कृत्रिम रीतीने निर्माण केलेला असतो. चालकाने केव्हा वेग वाढवायचा, केव्हा थांबायचे, याचे एक वेळापत्रक ठरलेले असते. प्रवासी मोटारींसाठी वापरात आलेले भारतीय वेळापत्रक सुमारे वीस मिनिटांचे असून त्यात वेग तासाला ९० किलोमीटरच्या वर जात नाही. किती पेट्रोल जळले हेही टाकीत पाहत नाहीत. धुराड्यातून निघालेला वायू पिशव्यांत साठवून त्यात कार्बन किती आहे ते मोजतात. इंधनातला कार्बन धुरातूनच बाहेर पडणार, म्हणून त्यावरून इंधन किती लागले याचे गणित अचूक करता येते.

ही चाचणी खोटी नव्हे. एकाच परीक्षेला बसलेल्या दोन गाड्यांची तुलना करण्यास ती उत्तम आहे. परंतु त्या खोलीत घाट नाही, खड्डा नाही, सिग्नलपाशी खोळंबलेली रांग नाही, मागच्या आसनावर तीन माणसे नाहीत, आणि या चाचणीत वातानुकूलन बंद ठेवण्याची रीत पडली. म्हणून तो आकडा म्हणजे आपल्याला मिळणारे उत्पन्न नव्हे. फार तर तो वधूवरांच्या पत्रिकेतल्या गुणांसारखा मानावा. संसार पुढे रस्त्यावर करायचा असतो.

तेव्हा आपल्या गाडीचा आकडा आपणच काढला पाहिजे. त्याची रीत सोपी आहे, पण ती नीट पाळणारे थोडे. पाचशे रुपयांचे पेट्रोल घालून काटा खाली येईपर्यंत किती चाललो हे पाहणे म्हणजे मोजणे नव्हे, कारण इंधनाचा काटा हा अंदाज सांगणारा साक्षीदार आहे. खरी रीत अशी. पंपावर टाकी पूर्ण भरावी. नळी आपोआप पहिल्यांदा बंद पडली की तेथेच थांबावे, वर आणखी थेंब ओतू नयेत. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. मग नेहमीसारखी गाडी चालवावी. टाकी बरीच रिकामी झाली की शक्यतो त्याच पंपावर, त्याच रीतीने पुन्हा भरावी. या दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले, तेवढेच मधल्या प्रवासात जळले. समजा, पहिल्या वेळी आकडा १८,२४० होता, दुसऱ्या वेळी १८,६८२ झाला आणि पावतीवर २८.६ लिटर आले. अंतर ४४२ किलोमीटर. त्याला २८.६ ने भागले की सुमारे साडेपंधरा किलोमीटर प्रति लिटर हे उत्तर येते.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. नळी बंद पडण्यात अर्ध्या लिटरचा इकडेतिकडे फरक सहज पडतो. दहा लिटर भरले असतील तर ही चूक शेकडा पाच होते, आणि तीस लिटर भरले असतील तर दोनांहूनही कमी. म्हणून मोठ्या भरण्यावर हिशेब करावा. दुसरी गोष्ट, एका टाकीवर निकाल देऊ नये. तीन-चार टाक्यांचे सगळे किलोमीटर एकत्र करावेत, सगळे लिटर एकत्र करावेत आणि मग भागाकार करावा.

प्रत्येक टाकीचे उत्तर काढून त्या उत्तरांची सरासरी घेतली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. समजा, घाट चढून शंभर किलोमीटर गेलो तेव्हा गाडीने लिटरला बारा दिले आणि उतरून परतताना शंभर किलोमीटरला वीस दिले. बारा आणि वीस यांची सरासरी सोळा. पण पेट्रोल किती लागले? जाताना ८.३३ लिटर, येताना ५ लिटर, एकूण १३.३३. दोनशे किलोमीटरला १३.३३ लिटर, म्हणजे बरोबर पंधरा. सोळा हा आकडा तोंडी हिशेबात निर्माण झाला, टाकीत तो नव्हताच.

या घोटाळ्याचे मूळ आपल्या मापात आहे. आपण लिटरमागे किलोमीटर मोजतो, पण खर्च होतो तो किलोमीटरमागे लिटरांचा. युरोपातले पुष्कळ देश शंभर किलोमीटरला किती लिटर लागले असे मोजतात, आणि हिशेबाला तेच माप अधिक प्रामाणिक आहे. एक उदाहरण घ्या. एका कुटुंबात दोन गाड्या आहेत. एक लिटरला दहा किलोमीटर देणारी जुनी जीप, दुसरी वीस देणारी लहान मोटार. दोन्ही वर्षाला सारख्याच चालतात. जीपच्या जागी बारा देणारी गाडी आणावी, की लहान मोटारीच्या जागी पंचवीस देणारी? दहाचे बारा म्हणजे दोनांची वाढ, विसाचे पंचवीस म्हणजे पाचांची. मन दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. आता हजार किलोमीटरचा हिशेब करू. जीपला शंभर लिटर लागत होते, आता ८३.३ लागतील, बचत जवळजवळ सतरा लिटर. लहान मोटारीला पन्नास लागत होते, आता चाळीस लागतील, बचत दहा लिटर. फायदा पहिल्यातच अधिक. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा भ्रम दाखवून दिला. चांगली शिकलेली माणसेही या प्रश्नात फसतात, असे त्यांना आढळले. तात्पर्य, आधीच काटकसरी असलेल्या गाडीत आणखी काटकसर शोधण्यापेक्षा उधळ्या गाडीकडे आधी पाहावे.

आता हे पेट्रोल जाते कोठे? एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता साठलेली असते. त्यातली चाकांपर्यंत ढोबळमानाने चौथा हिस्सा पोहोचतो. बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. जो चौथा हिस्सा उरला त्याने हवा दूर सारायची, टायरांचे घर्षण सोसायचे, चढण चढायची आणि ब्रेक लावल्यावर गेलेला वेग पुन्हा मिळवायचा.

घाटाचे गणित मोठे मनोरंजक आहे. माणसे आणि सामान धरून बाराशे किलो वजनाची मोटार कोकणच्या पायथ्यापासून बोरघाट चढून लोणावळ्याला आली, म्हणजे सुमारे सहाशे मीटर वर चढली. एवढे वजन एवढे उचलण्यास सात मेगाज्यूल शक्ती लागते. एका लिटरमधून चाकांना आठच मिळतात. म्हणजे नुसत्या उंचीपायी जवळजवळ एक लिटर पेट्रोल खर्ची पडले. उतरताना त्यातले थोडे परत मिळते, कारण त्या वेळी इंजिनाला इंधन फारसे लागत नाही. बाकीचे ब्रेक तापविण्यात जाते. विजेच्या आणि संकरित मोटारींत ब्रेक लावताना चाके जनित्र फिरवितात आणि काही वीज बॅटरीत परत जाते, हा त्यांचा घाटात आणि गर्दीत होणारा विशेष लाभ.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलो तर वेग सव्वापट झाला, पण हवेचा विरोध दीडपटीहून अधिक झाला. म्हणूनच पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग इंधनाच्या दृष्टीने उत्तम म्हणून सुचवीत आली आहे. द्रुतगती मार्गावर एवढ्या सावकाश जाणे शक्य नसेल, पण १०० ऐवजी ८० शक्य आहे. याउलट गाडी उभी राहून इंजिन चालू असेल तेव्हा लिटरमागे शून्य किलोमीटर मिळतात. लहान मोटारसुद्धा अशी उभ्याने तासाला सुमारे अर्धा लिटर आणि वातानुकूलन चालू असेल तर त्याहून पुष्कळ अधिक पिते. टायरांत हवा कमी असणे, डिकीत कायमचे पडलेले ओझे, टपावरचा रिकामा सांगाडा, सिग्नल दिसत असूनही शेवटपर्यंत दाबून ठेवलेला ॲक्सिलरेटर, हे सगळे छोटे छोटे चोर आहेत.

अलीकडे एक नवे कारण या यादीत आले आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून आणि मका-तांदळासारख्या धान्यांपासून होते, आणि महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. आयात तेलावरचा भार त्याने हलका होतो. परंतु एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एकतृतीयांश उष्णता कमी असते. नीती आयोगाच्या पुढाकाराने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आराखड्यात अशा मिश्रणासाठी न घडविलेल्या जुन्या मोटारींत सहा ते सात टक्के, आणि त्यासाठी जुळवून घेतलेल्या नव्या मोटारींत एक ते दोन टक्के घट अपेक्षिली होती. तेव्हा जुन्या गाडीचा आकडा थोडा उतरला, तर लगेच मेकॅनिकला दोष देऊ नये.

येथवर आपण लिटरांचा विचार केला. आता रुपयांकडे वळू, कारण खरी दिशाभूल येथेच होते. पेट्रोलचा भाव १६ जून २०१७ पासून रोज ठरू लागला आणि राज्यांच्या करांमुळे तो गावोगाव निराळा असतो. म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला शंभर रुपये धरू. आपल्या वहीत प्रत्येकाने आपल्या गावचा भाव घालावा.

समजा, रस्त्यावर येईपर्यंत आठ लाख रुपये पडलेली एक पेट्रोलची मोटार आहे. ती वर्षाला दहा हजार किलोमीटर चालते आणि प्रत्यक्षात लिटरला पंधरा देते. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ६७ पैसे. बहुतेकांचा हिशेब येथे संपतो. पण पुढे चला. देखभालीला वर्षाला आठ हजार धरले तर किलोमीटरला ८० पैसे. वीस हजारांचे चार टायर चाळीस हजार किलोमीटर चालले तर ५० पैसे. विम्याला वर्षाला वीस हजार, म्हणजे २ रुपये. धुणे-पुसणे आणि गाडी लावण्याची जागा यांना महिना हजार, म्हणजे १ रुपया २० पैसे.

आता सर्वांत मोठे खाते उघडू. त्याचे नाव घसारा. गाडी उभी असो वा चालती, तिची किंमत रोज उतरत असते. विमा कंपन्या गाडीचे मूल्य ज्या कोष्टकावरून ठरवितात त्यात सहा महिन्यांच्या आतील गाडीवर ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरलेला असतो. बाजारभाव याहून थोडा कमीजास्त असेल, पण पाच वर्षांत आपल्या गाडीची किंमत निम्मी झाली असे धरणे वावगे नाही. चार लाख गेले. वर्षाला ऐंशी हजार. किलोमीटरला ८ रुपये. पेट्रोलहून अधिक! शिवाय त्या पैशावर बँकेत व्याज मिळाले असते. पाच वर्षांत सरासरी सहा लाख गाडीत अडकले, सात टक्क्यांनी वर्षाला बेचाळीस हजार झाले, म्हणजे किलोमीटरला ४ रुपये २० पैसे. कर्ज काढून गाडी घेतली असेल तर हाच आकडा हप्त्यांच्या रूपाने समोर उभा राहतो. रोखीने घेतली तर तो दिसत नाही, एवढाच फरक.

बेरीज करू. किलोमीटरला २३ रुपये ३७ पैसे. त्यात पेट्रोलचा वाटा शेकडा तीसहूनही कमी. ज्या एका आकड्याची आपण एवढी चौकशी करतो, तो एकूण खर्चाचा तिसरा हिस्सादेखील नाही.

या बेरजेत दोन जातींचे खर्च आहेत. पेट्रोल, टायर, देखभाल हे गाडी चालली तरच होतात. घसारा, व्याज, विमा, जागा हे ती न चालताही होतात. पहिल्या जातीचे मिळून किलोमीटरला सुमारे आठ रुपये. दुसऱ्या जातीचे वर्षाला एक लाख चौपन्न हजार, आणि ते किती किलोमीटरांवर वाटले जातात यावर सगळे अवलंबून. हीच मोटार वर्षाला वीस हजार किलोमीटर चालली तर किलोमीटर सुमारे पावणेसोळा रुपयांना पडेल. घसारा थोडा वाढेल, तो धरला तरी स्वस्तच. आणि चारच हजार चालली तर? सेहेचाळीस रुपयांच्या वर. दारात झाकून ठेवलेली, फक्त सणासुदीला निघणारी मोटार ही जगातली सर्वांत महाग वाहने असतात त्यांपैकी एक. म्हणून गाडी घ्यावी की नको याचा विचार करताना सगळी बेरीज पाहावी. गाडी घरात आहेच, आणि आज तिने जावे की रिक्षाने, एवढाच प्रश्न असेल, तेव्हा मात्र आठ रुपयेच मोजावेत, कारण उरलेले जायचे ते जाणारच आहेत.

इंधनाची निवडही याच रीतीने करावी. डिझेलची गाडी दीड लाखाने महाग आहे, पण लिटरला वीस देते आणि डिझेल नव्वद रुपये आहे असे धरू. किलोमीटरला साडेचार रुपये. पेट्रोलच्या मानाने बचत २ रुपये १७ पैसे. दीड लाखाला या बचतीने भागले तर सुमारे एकोणसत्तर हजार किलोमीटर येतात. वर्षाला दहा हजार चालणाऱ्याला हे पैसे फिटण्यास जवळजवळ सात वर्षे लागतील, वर्षाला तीस हजार चालणाऱ्याला अडीच वर्षे पुरतील. एकाच गाडीविषयी दोन शेजाऱ्यांची मते उलट असतात ती यामुळे, आणि दोघेही खरे बोलत असतात. सीएनजी किलोवर मिळतो, म्हणून त्याचे किलोमीटर पेट्रोलच्या लिटराशी ताडून पाहू नयेत. दोन्ही रुपयांत आणावेत. विजेच्या गाडीचे युनिट घरच्या मीटरवर मोजावेत, गाडीच्या पडद्यावर नव्हे, कारण बॅटरी भरताना काही वीज वाटेत वाया जाते आणि बिल तिचेही येते.

आता इंदूरच्या स्नेह्यांकडे परत येऊ. त्यांचा प्रवास वर्षाला सहा हजार किलोमीटरांचा. तेराच्या हिशेबाने ४६१ लिटर, विसाच्या हिशेबाने ३०० लिटर. जाहिरातीतला आकडा जसाच्या तसा खरा मानला तरी बचत १६१ लिटरांची, रुपये सोळा हजारांच्या आसपास. आणि त्यासाठी पुंजीतून निघणाऱ्या साडेसहा लाखांचे सात टक्क्यांनी व्याज साडेपंचेचाळीस हजार. घसारा अद्याप धरलेलाच नाही. जुन्या गाडीच्या दुरुस्तीला वर्षाला पंधरा हजार जास्त लागले असते तरी तराजूचे पारडे हलले नसते. ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पेट्रोल वाचविण्यासाठी मी पेन्शन जाळणार होतो."

या हिशेबाला एक पुरवणी जोडली पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा १६१ लिटर वाचविणे म्हणजे वर्षाला पावणेचारशे किलोंच्या जवळपास वायू वाचविणे, आणि ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. नव्या गाडीतले ब्रेक आणि हवेच्या पिशव्या अधिक सुरक्षित असतात, हेही खरे. वयोमानाने गियर बदलणे जड जात असेल तर तेही एक कारण आहे. ही सारी कारणे प्रामाणिक आहेत आणि त्यांसाठी कोणी खुशाल पैसे खर्च करावेत. त्यांना पेट्रोलच्या बचतीचे नाव मात्र देऊ नये.

माझ्या स्नेह्यांनी जुनी गाडी ठेवली. तिचे ब्रेक नवे करून घेतले, टायरांत दर पंधरवड्याला हवा पाहू लागले आणि जवळच्या बाजाराला पायी जाऊ लागले. गाडीच्या खणात त्यांनी एक लहानशी वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, लिटर आणि रुपये, असे चार रकाने. कोणी त्यांना "ॲव्हरेज किती देते?" असे विचारले, की ते ती वही काढून पुढे करतात आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवतात.